आठवड्यातून एक

मावशी आत आल्या त्याच तोंडाला पदर लावून. "डॉक्टर, पाणीसुद्धा गिळवत नाही हो." पदर काढला तर ओठ सोललेले, जिभेवर पांढुरके व्रण.

दोनच आठवड्यांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या होत्या. स्टँडमागे त्यांची खानावळ. कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर, केसांच्या कडेला लाल चट्टे आणि त्यांवर चंदेरी खपल्या. दोन वर्षं गजकर्ण समजून मलमं चोळून झालेली. खपली हलकेच खरवडली तर मेणासारखा भुगा पडला आणि खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब उमटले. नखांवर अंगुस्तानासारखे खड्डे. सोरायसिसच. सांधे दुखतात का, तेही विचारलं; नव्हते दुखत. हा लागट रोग नाही, प्रतिकारशक्तीच्या गोंधळामुळे महिन्याभरात तयार व्हायची कातडी तीन-चार दिवसांत वर ढकलली जाते, हे मी मन लावून सांगितलं. त्यांना खाजेपेक्षा मोठं दुःख होतं ते गिऱ्हाइकांचं. "भाकरीकडं कुणी बघत नाही, माझ्या कोपराकडं बघतात."

चट्टे पसरलेले होते, नुसत्या मलमाने भागण्यासारखे नव्हते. रक्त, लिव्हर, किडनी तपासून मेथोट्रेक्सेट लिहिली. साडेसात मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा.

आता त्याच चट्ट्यांवरची खपली गेली होती आणि जागा ओली, सोललेली. आधी शंका आली, कुणीतरी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं असावं. त्याचा असर उतरला की कधी कधी अंगभर पुवाचे फोड उठतात, तो पस्ट्युलर सोरायसिस. पण पू कुठेच नव्हता. सगळं अंग लाल होऊन सोलवटतं तो एरिथ्रोडर्माही नव्हे. मधली कातडी ठणठणीत.

"गोळ्या दाखवा बघू."

दहाची पट्टी, एकच गोळी शिल्लक. मेडिकलवाल्याच्या पाकिटावर पेनने लिहिलेलं: रात्री १.

"रोज घेतली?"

"एक दिवस चुकवली नाही," मावशी म्हणाल्या. कौतुकाच्या अपेक्षेने.

हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना रोखतं. तोंडाचं अस्तर, हाडांतला मगज आणि सोरायसिसचा चट्टा, तिघेही त्यात आले. पांढऱ्या पेशी निघाल्या १,८००. चार हजारांच्या वर हव्यात. त्याच दुपारी त्यांना जिल्ह्याच्या गावी दाखल केलं. उतारा म्हणून साधं फोलिक ॲसिड इथे पुरत नाही, फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं लागतात.

मी तावातावाने मेडिकलवर गेलो. त्याने शांतपणे माझीच चिठ्ठी पुढे केली. गोळीच्या नावापुढे इंग्रजीत काहीतरी गिरमिटलेलं होतं. ते 'वीकली' आहे हे मला माहीत होतं म्हणून मला वाचता आलं.

दोन आठवड्यांनी पेशी जागेवर आल्या. मेथोट्रेक्सेटचं नावही मावशींनी काढू दिलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. प्रतिकारशक्तीचा गोंधळच आवरणाऱ्या बायोलॉजिक इंजेक्शनांचा खर्च खानावळीला झेपणारा नव्हता. मग जखमा भरल्यावर ३११ नॅनोमीटरच्या यूव्हीबी किरणांच्या मशीनसाठी आठवड्यातून दोनदा एसटीने जिल्ह्याला, आणि घरी कॅल्सिपोट्रिऑलचं मलम. तीन महिन्यांनी कोपरं जवळजवळ साफ झाली.

आता मी चिठ्ठीवर मराठीत ठळक लिहितो, 'फक्त शनिवारी', आणि पेशंटकडून वार वदवून घेतो. परवा एका आजोबांनी वार म्हणून दाखवला आणि वर विचारलं, "शनिवारी माझा उपास असतो, चालंल का?"

त्यांच्या चिठ्ठीवर रविवार लिहिला.