सासवडचा मुक्काम

पुणे ते सासवड हा पंढरीच्या वारीत ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीच्या वाटचालीतला सगळ्यात दमवणारा टप्पा. ३० किलोमीटरच्या आसपास चाल, आणि हडपसर सोडून वडकी मागे टाकली की समोर दिवे घाट. घाटात टाळ-मृदंगाच्या नादात पाय आपोआप उचलले जातात. दुखणं कळतं ते सासवडला राहुटीत पाठ टेकल्यावर.

माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या एका आजींनी सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि टोकं तशीच ठेवली. "वढू नको दोरा. पानी निघून जाऊ दे."

सासवडला बहुधा दोन रात्री मुक्काम असतो. मधल्या दिवशी चालायचं नाही. हे मला ठाऊक होतं, तरी पहाटे जाग आली तशी मी पिशवी भरायला लागले. निवांत बसलं की छातीत धडधडतं, हे माझं जुनं दुखणं. बँकेत टार्गेट पुरं झालं तरी मी पुढच्या तिमाहीचं घेऊन बसते. साहेबांनी कधी सांगितलेलं नसतं; मीच माझ्या मागे लागलेली असते. आळंदी ते पंढरपूर एक पाऊलसुद्धा गाडीनं जायचं नाही, हा पणही माझा मीच केलेला. वाटलं, पुढे निघावं, जेजुरी गाठावी.

आजींनी पडल्यापडल्याच विचारलं, "कुठं निघालीस गं? माऊली हितंच हायेत अजून."

मी पिशवी खाली ठेवली.

मग तो दिवस पाहिला. बायकांनी लुगडी धुऊन दोरीवर टाकली होती. कुणी पायांना तेल चोळत होतं, कुणी डोक्याखाली पिशवी घेऊन भरदिवसा घोरत होतं. कऱ्हेकाठी सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेऊन आले तेव्हा राहुटीत वीणा बदलत होती. वीणेकऱ्यानं वीणा उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घातली, दोघं एकमेकांच्या पाया पडले, आणि पहिला जाऊन आडवा झाला. वीणा जमिनीवर टेकवायची नसते. वीणेकऱ्यानं मात्र टेकायचं असतं, आणि त्यासाठी दुसरा गळा तयार असतो.

एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली असं सांगतात. चालण्याइतकंच थांबणंही त्या शिस्तीत आहे: सकाळी न्याहारीचा विसावा, दुपारी जेवणाचा, मग पुन्हा एखादा. पालखी थांबली की लाखो माणसं थांबतात आणि आपलं काही राहून गेलं असं कुणाच्या मनातही येत नाही. माणसाचे पाय ओळखणाऱ्यांनीच ही वाट आखली असणार, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी निघताना आजी सामानाच्या टेम्पोत चढायला लागल्या. कितीतरी वर्षांची वारी त्यांची.

"आजी, आज चालणार नाही?"

"गुडघा बोलतोय. शिवरीपस्तोर बसते, मंग चालते की."

त्यांच्याशेजारी जागा होती. माझी टाच अजून ओली होती. मी चढले. दुपारी शिवरीला दोघी उतरलो, पिठलं-भाकरी खाल्ली, बाभळीखाली तासभर झोपलो आणि दिंडी लागली तशी चालायला लागलो.