दिसणारी शीर, लागणारी शीर

मनगटावरच्या निळसर-हिरव्या शिरेत निळं असं काहीच नसतं. आतलं रक्त गडद लाल, ऑक्सिजन जरा उतरलेलं, इतकंच. निळेपणाची करामत प्रकाशाची. निळा प्रकाश त्वचेत वरच्यावर विखरून माघारी फिरतो, लाल मात्र खोल शिरतो आणि वाटेतली शीर त्यातला बराचसा गिळते. तेवढ्या पट्टीतून शेजारच्या कातडीपेक्षा लाल कमी परततो. गंमत म्हणजे तो निळ्यापेक्षा तरीही जास्तच असतो! पण डोळा मोजत नाही, शेजाऱ्याशी ताडून बघतो आणि पट्टीला निळी ठरवून मोकळा होतो. नाकाशेजारच्या बारीक रेषा अगदी वर असतात, म्हणून त्या लालच दिसतात.

हाताच्या पाठीवर चरबी नावालाच, म्हणून तिथलं जाळं ठळक. हात मिनिटभर खाली सोडला की ते फुगतं, डोक्याच्या वर धरला की बसतं. फुगलेलं असताना एक खेळ करून बघावा. शिरेवर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून ठेवायचं; दुसऱ्या बोटाने रक्त मनगटाकडे, एखाद्या बारीक गाठीच्या पलीकडे सारायचं आणि ते दुसरं बोट उचलायचं. रक्त गाठीपर्यंत येऊन थबकतं, खालचा तुकडा सपाटच राहतो. ती गाठ म्हणजे झडप. पहिलं बोट उचलताच शीर खालून भरते. इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने रक्ताभिसरणावरच्या १६२८च्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह दिला आहे.

रक्त काढणाऱ्याचा मात्र डोळ्यांवर फारसा भरवसा नसतो, आणि ते बरोबरच आहे. ठळक दिसणारी शीर बारीक असू शकते, सुई टोचताच सरकूही शकते. कोपराच्या खळगीतली न दिसणारी, पण बोटाखाली लवचिकपणे उसळणारी शीर कितीतरी भरवशाची. दोरीसारखी कडक लागली तर ती सोडायची. ठोके लागले तर ती धमनी, तिथे सुई नाहीच.

शीर फुगावी म्हणून हातावर जो पट्टा आवळतात, तो टोचायच्या जागेच्या ७ ते १० सेंटीमीटर वर बांधतात. मनगटाची नाडी लागेनाशी झाली तर तो फारच आवळला आहे: रक्त हातात येतच नाही, मग शीर भरणार कशी? एक मिनिटाहून जास्त ठेवला तर आतलं पाणी बाहेर झिरपून नमुना दाट होतो. थंडीने आक्रसलेल्या शिरेला ऊब द्यावी, चापट्या मारू नयेत. मूठ एकदा मिटली की पुरे. सारखी उघडझाप केली तर रिपोर्टात पोटॅशियम उगाच वाढलेलं येतं.