चुकीच्या हवेवर दिलेला कौल

मोठ्या क्षमतेच्या मोटरसायकली विकणाऱ्या एका शोरूममध्ये गेली काही वर्षे मी टेस्ट राइडची जबाबदारी सांभाळतो. त्याआधी बराच काळ वर्कशॉपमध्ये काम केले असल्यामुळे गाडी ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारून चेनचा ताण, ब्रेकचे पॅड आणि टायरची हवा पाहण्याची सवय माझ्या अंगवळणी पडलेली आहे. ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे त्या दिवशी ही सवय मोडली, आणि त्यामुळे एक चांगली गाडी तिचा काहीही दोष नसताना नाकारली गेली.

त्या सकाळी आलेले गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले होते आणि पत्नीसह त्यांच्या जुन्या यामाहा एफजेआर 1300 वर आले होते. 2001 साली बाजारात आलेली ही गाडी स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे वेगवान पण लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या प्रकारातली एक मानाची गाडी समजली जाते: 1298 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, चेनऐवजी मागच्या चाकापर्यंत ताकद नेणारा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, 25 लिटरची टाकी आणि बटण दाबले की वर-खाली होणारी विंडस्क्रीन. त्यांची गाडी पाच गिअरची, म्हणजे आधीच्या पिढीतली होती. तिच्यावर त्यांनी दोघांनी मिळून लाखभर किलोमीटर केले होते आणि तक्रार एकच होती, ती वजनाची. जवळजवळ 290 किलोंची गाडी सामानासह उतारावर मागे ढकलताना आता गुडघे साथ देत नाहीत, असे त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितले.

त्यांनी दोन गाड्या निवडून ठेवल्या होत्या आणि दोन्हींचे वजन 240 किलोंच्या आगेमागे होते. एक चार सिलिंडरची, चेनवर चालणारी आणि जरा आक्रमक बैठकीची होती. दुसरी बॉक्सर इंजिनाची, म्हणजे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेली, आणि शाफ्टवर चालणारी होती. दोन्ही मॉडेलांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण त्या दिवशी जे घडले त्यात बनवणाऱ्या कंपन्यांचा काहीच भाग नव्हता.

आमची टेस्ट राइड पूर्वी दहा मिनिटांची असे. दहा मिनिटांत माणसाला कळतो तो फक्त पिकअप, आणि आजच्या कोणत्याही लिटर-क्लास, म्हणजे हजार सीसीच्या आसपासच्या गाडीचा पिकअप कोणालाही खूश करण्याइतका असतोच. लांबच्या प्रवासात त्रास होतो तो मनगटांना, मानेला आणि मागे बसलेल्याच्या गुडघ्यांना, आणि तो पहिल्या दहा मिनिटांत जाणवत नाही. म्हणून मी पन्नास मिनिटांचा मार्ग ठरवून घेतला आहे. आधी रिकाम्या आवारात हँडल पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना यू-टर्न, मग गर्दीचा रस्ता, मग मोकळा महामार्ग आणि शेवटी वळणावळणाचा चढ-उतार, असा त्याचा क्रम आहे. मागे बसणारी व्यक्ती सोबत आली असेल तर ती पहिल्यापासून गाडीवर असावी, असा माझा आग्रह असतो.

पहिली फेरी चार सिलिंडरच्या गाडीवर झाली. दोघे बसणार म्हणून मागच्या सस्पेन्शनच्या प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंगच्या ताणाचा नॉब मी स्वतः फिरवून दिला, कारण तो सैल राहिला तर गाडी मागून बसते, पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि वळणात गाडी बाहेरच्या बाजूला पळू लागते. हवा मात्र मी पाहिली नाही. ही गाडी तीन आठवडे कोपऱ्यात उभी होती आणि आदल्या संध्याकाळी धुऊन-पुसून पुढे आणली होती. ती चकचकीत दिसली आणि मी ती तयार आहे असे धरून चाललो.

तासाभराने ते परतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळले. हेल्मेट काढता काढता ते म्हणाले, "इंजिन सुंदर आहे, पण वळणात ही गाडी माझं ऐकत नाही. हँडल दाबून दाबून वळवावं लागतं, आणि वळल्यावरही पुढचं चाक नेमकं कुठे आहे ते हाताला कळत नाही. माझी जुनी गाडी पन्नास किलोंनी जड असून हिच्यापेक्षा सहज वळते. ही यादीतून काढा."

शेवटची दोन वाक्ये माझ्या डोक्यात राहिली. ती गाडी मी स्वतः कित्येकदा चालवली होती आणि तिचे वळणे हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे हे मला पक्के माहीत होते. ग्राहकाची आवड वेगळी असू शकते, पण लाखभर किलोमीटर केलेला चालक हँडल जड आहे असे म्हणत असेल तर त्याच्या हाताला काहीतरी खरे जाणवलेले असते. मी गेज आणले. पुढच्या टायरमध्ये 30 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाब दिसला आणि मागच्यात 40. त्या गाडीसाठी सांगितलेला दाब पुढे 36 आणि मागे 42 असा आहे आणि तो थंड टायरचा आहे. हे टायर नुकतेच तासभर धावून आलेले होते. गरम टायरमधली हवा प्रसरण पावते, त्यामुळे गेजवर दिसणारा आकडा थंड असतानाच्या आकड्यापेक्षा काही पीएसआयने जास्तच असतो. म्हणजे निघताना पुढच्या चाकातला दाब तिशीच्याही खाली होता. इतक्या मऊ टायरची कड गाडी झुकताना दबते आणि वळणात शिरायला गाडी कां कूं करते. त्यांनी सांगितलेली लक्षणे तंतोतंत जुळत होती.

मी त्यांना लगेच सांगितले, की दोष गाडीचा नाही, माझा आहे, कारण हवा न तपासता गाडी तुमच्या हाती दिली, आणि तीही दोघांना बसवून. गाडी नाकारायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे, पण नीट अवस्थेत असताना एकदा चालवून मगच नाकारा, अशी विनंती केली. बाईंनी क्षणभर यजमानांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, मग थांबूया ना. घाई कोणाला आहे?" त्या एका वाक्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

टायर थंड होईपर्यंत ते बॉक्सर गाडी घेऊन गेले. या वेळी दोन्ही चाकांचा दाब मी त्यांच्यासमोर मोजला. या गाडीचे सस्पेन्शन इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे दोघांसाठीची मांडणी बटणावरच निवडता आली. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन गाडीला हलकेच एका बाजूला ओढते, ते जाणवल्यावर त्यांना गंमत वाटली. बीएमडब्ल्यूच्या 1923 सालच्या आर 32 या पहिल्या मोटरसायकलपासून बॉक्सर इंजिन आणि शाफ्ट ही जोडी चालत आली आहे, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी हसून मान डोलावली. शाफ्टची महती त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती.

ते गेले तेवढ्या वेळात मी नाकारलेल्या गाडीचे पुढचे चाक हळूहळू फिरवून खिळा शोधला, पण सापडला नाही. मग व्हॉल्व्हचे टोपण काढून त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. काही सेकंद काहीच झाले नाही. नंतर मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. व्हॉल्व्हमधला कोअर, म्हणजे हवा अडवून धरणारा आतला छोटा भाग, किंचित सैल होता. नवा कोअर बसवला, पुन्हा थेंब सोडला आणि मिनिटभर वाट पाहिली. थेंब जसाच्या तसा राहिला. दोन तासांनी टायर पूर्ण थंड झाल्यावर मोजले तर मागे 37 होते. 36 आणि 42 असा दाब भरून गाडी त्याच मार्गावर, त्याच दोघांसह दुसऱ्यांदा पाठवली.

ते परत आले आणि पहिली काही मिनिटे गाडीवरून उतरलेच नाहीत. इंजिन बंद करून हँडल नुसते डावीकडे-उजवीकडे हलवत राहिले. मग म्हणाले, "ही सकाळची गाडी नव्हेच. वळणाकडे नुसतं पाहिलं की आपणहून झुकते." मला जे ऐकायचे होते ते मी ऐकले होते, पण त्यांचे बोलणे संपले नव्हते. बाईंनी दोन्ही गाड्यांवर काय काय होते ते लक्षपूर्वक टिपले होते. चार सिलिंडरच्या गाडीवर मागची सीट पुढे उतरती असल्याने प्रत्येक ब्रेकला त्या पुढे सरकत होत्या आणि त्यांचे हेल्मेट यजमानांच्या हेल्मेटवर आपटत होते. फूटरेस्ट उंच असल्यामुळे चाळिसाव्या मिनिटाला उजवा गुडघा ठणकू लागला होता. बॉक्सरवर यातले काहीच झाले नव्हते. यजमानांचेही एक म्हणणे होते. दहा-बारा दिवसांच्या दौऱ्यात दर पाचशे-सातशे किलोमीटरला सामान उतरवून चेनला वंगण लावणे त्यांना आता नको होते. महामार्गावर चार सिलिंडरच्या गाडीच्या हँडलमधून बारीक कंप येऊन बोटांना मुंग्या येत होत्या, हेही त्यांनी शेवटी सांगितले.

त्यांनी बॉक्सर घेतली. सकाळी नाकारलेली गाडी त्यांनी संध्याकाळीही नाकारलीच, पण निघताना टाकीवर हात ठेवून म्हणाले, "सकाळी हिला नाही म्हटलं ते चुकीच्या कारणानं. आता जे कारण आहे ते खरं आहे, आणि ते हिचं नाही, आमचं आहे." बॉक्सरवरून ते नाकारलेल्या गाडीच्या वळण्याची आठवण काढत घरी गेले असतील, तरी मला त्याचे वाईट वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेस्ट राइडच्या वहीत एक नवा रकाना आखला. गाडी बाहेर काढण्यापूर्वी थंड टायरचा पुढचा आणि मागचा दाब, मोजणाऱ्याची सही आणि वेळ त्यात लिहायची. पहिली नोंद त्याच चार सिलिंडरच्या गाडीची आहे: पुढे 36, मागे 42, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे, सही माझी.