जरा सरका
एका शनिवारी मी सलग अर्धा तास मेलो नव्हतो, जखमी नव्हतो, बेशुद्धही नव्हतो. नुसता बसून होतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन एकत्र गोष्ट रचायच्या खेळाचा, डाव चालू होता. टेबलाभोवती सात भिडू, आणि पुठ्ठ्याच्या पडद्याआड आठवा, गोष्ट चालवणारा डीएम. गुहेत लढाई जुंपली की वीस पैलूंचा फासा टाकून क्रम ठरतो आणि मग एकेकाचा नंबर लागतो. खेळाच्या हिशेबात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. आमच्या सहा सेकंदांना अर्धा तास लागत होता. कुणी मंत्र निवडत होतं, कुणी नियम उकरत होतं. माझ्या पात्राने, एका बुटक्या ड्वॉर्फ लढवय्याने, उगारलेली कुऱ्हाड चहा होऊन कप विसळून झाले तरी उगारलेलीच. तिसऱ्या फेरीला चार चेहऱ्यांवर मोबाइलचा उजेड. डीएमने एकाला विचारलं, ‘तू काय करतोस?’ तो म्हणाला, ‘आपण अजून गुहेतच आहोत?’

पत्त्यांचं बरं असतं. मेंढीकोटाला चौघं लागतात. पाचवा आला की डाव मोडून झब्बू, नाहीतर बदाम सात. हा खेळ मात्र कुणाला नाही म्हणत नाही. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत चौथा टेकतो तसा सातवा भिडू टेकतो. त्याला अर्धीच जागा मिळते आणि बाकीचेही अवघडतात.

हे सरकणं खेळाच्या जन्मापासूनचं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या पहिल्या पुस्तिकेत एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या एका गोष्टीत, चार ते पन्नास खेळाडू चालतील, एका रेफरीमागे, म्हणजे तेव्हाच्या डीएममागे, साधारण वीस, असं चक्क छापलंय. पन्नास जण एका टेबलाला बसायचे असं नाही. कॅम्पेन म्हणजे गावासारखं, त्या दिवशी जो येईल तो खेळेल. शिवाय जुन्या नियमांत एक ‘कॉलर’ असायचा. सगळे काय करणार हे रेफरीला तोच सांगायचा. एकत्र कुटुंबातला कर्ताच म्हणा ना. आता कर्ता कुणाला हवाय? प्रत्येक पात्राचा बाप कुणीतरी मारलेला असतो आणि त्याचा सूड त्याला स्वतःच्या तोंडाने घ्यायचा असतो. २०१४ च्या आवृत्तीतलं लढायांचं गणित तीन ते पाच पात्रं धरून मांडलंय, ते उगाच नाही. चौघांत जोड्या होतात सहा, सातांत एकवीस. कोण कुणावर रुसलंय, कुणी कुणाचं सोनं लपवलंय, एवढ्या धाग्यांचा हिशेब बिचारा डीएम ठेवणार कसा?

दोघंच असले तर तेही जड जातं. डीएम समोर, आपण समोर, तोंडी परीक्षाच ती.

मग एका शनिवारी पाऊस कोसळला आणि आम्ही तिघंच पोचलो. त्यात एक मुलगी होती. सहा महिने ती कोपऱ्यात बसून आपल्या वहीत चित्रं काढायची. हिला खेळात रस नाही, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी गोष्टीतल्या पुलाखालच्या ट्रोल नावाच्या राक्षसाने टोल मागितला. एरवी आम्ही त्याला तीन फेऱ्यांत, म्हणजे दीड तासात, कापला असता. हिने घासाघीस सुरू केली. पावती मागितली. पुलाची दुरुस्ती शेवटची कधी झाली ते विचारलं. पाऊण तास कुणी फासा टाकला नाही आणि डीएमने तयारीचे कागद बाजूला ठेवले. शेवटी ट्रोलनेच आम्हाला दोन चांदीची नाणी दिली आणि जायला सांगितलं.

घरी निघताना मी म्हटलं, ‘अगं, इतके दिवस बोलली का नाहीस?’

‘तुमचं कुणाचं वाक्य संपलं तर बोलणार ना,’ ती म्हणाली.

ते बरोबरच होतं. त्यात सांगायला थोडी लाज वाटते, त्या टेबलावरचा सातवा मीच. सहा जणांचं ठीक चाललं होतं, आणि मी शेवटी येऊन सगळ्यांत जास्त बोलत होतो.

सध्या दोन टेबलं झालीत. आमच्याकडे पाच जणांना बोलावणं जातं. लग्नसराई, पाहुणे, ऑफिसचं काम यांतून चार येतात. खुर्च्या पाचच ठेवल्यात. सहावी बाल्कनीत आहे, तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.