मग तुम्ही नेमकं करता काय?

भूकंपाचा अभ्यास करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पुढचा कधी?" सांगता येत नाही, असं मी म्हणते. कुणालाच येत नाही. त्यावर येणारा दुसरा प्रश्न मला जास्त लागतो: "मग तुम्ही नेमकं करता काय?" किल्लारीच्या बाजूला हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे गेलेलं असतं. तिथे मी आजवर धड उत्तर दिलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज देते.

मी दूरच्या भूकंपांच्या लहरींनी आपल्या पायाखालची जमीन बघते. दख्खनचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. किल्लारीला भूकंपानंतर खोल भोक पाडलं, तेव्हा 338 मीटरवर तो संपला आणि खाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा खडक लागला. तो धारवाडच्या प्राचीन भूखंडाचा भाग. जपानमध्ये धक्का बसला की त्याची पी लहर, म्हणजे सगळ्यात आधी पोचणारी लहर, खालून वर येते. पृथ्वीच्या कवचाच्या तळाशी, ज्याला आम्ही मोहो म्हणतो तिथे, तिचा थोडा अंश एस लहर, म्हणजे हळू चालणारी लहर, होतो आणि चार-पाच सेकंद मागून पोचतो. त्या उशिरावरून कवचाची जाडी निघते: पूर्व धारवाडात सुमारे 35 किलोमीटर, पश्चिमेला 40 ते 50.

हे कशाला हवं? आज भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचे सरकणारे तुकडे, एकमेकांखाली बुडतात. अडीच अब्ज वर्षांपूर्वीही बुडत होते का, यावर अजून भांडण आहे. कॅनडात अशा प्राचीन भूखंडाखाली तिरकं उतरत गेलेल्या थराचं चित्र 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. बुडालेल्या पट्टाची ती खूण, असा त्याचा अर्थ लावला गेला. विद्यार्थिदशेत ते चित्र माझ्या टेबलासमोर चिकटवलेलं होतं. मला आपल्याकडचं तसंच हवं होतं. इतकं हवं होतं, की ते मला दिसलं.

कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेमागे आमचा भूकंपमापक होता. खड्डा मी खणून घेतला, होकायंत्र मीच ठेवलं, यंत्राची उत्तर दिशा मीच लावली. दोन वर्षांच्या नोंदी आल्या. थर सपाट असतील तर लहरीच्या वाटेला आडव्या दिशेची नोंद जवळपास शांत राहते. माझी शांत नव्हती. थर कललेला असला की असं होतं. मोहो पूर्वेला उतरतो, असं मी मांडलं, नकाशा काढला, शोधनिबंध छापायला पाठवला. सोलापुरात बाबांना फोन करून सांगितलं की आपल्याकडे बुडालेला पट्ट सापडलाय.

परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती: यंत्राची उत्तर दिशा तपासली आहे का?

तीन दिवस मी चिडून होते. मग जानेवारीत शाळेत गेले, ओळंबा टांगला, स्थानिक मध्यान्हीची सावली फरशीवर आखली. माझी उत्तर 19 अंशांनी चुकलेली होती. काळ्या पाषाणात चुंबकीय खनिजं असतात, त्यावर ठेवलेलं होकायंत्र भरकटतं, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलेलं होतं. मुख्याध्यापक शेजारी उभे होते. "यंत्र बिघडलं होतं का, मॅडम?" यंत्र ठीक होतं, सर, मी चुकले, एवढंच बोलता आलं.

आमच्याकडे नोंदले जाणारे बहुतेक मोठे भूकंप पूर्वेचे: इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपान. एकाच बाजूने बघताना चुकलेली दिशा आणि कललेला थर सारखेच दिसू शकतात. हे खरं आहे, आणि ही सबबही आहे. कारण आडव्या नोंदीत पहिल्याच क्षणी, शून्य सेकंदाला, टोक होतं. मोहोची खूण चार-पाच सेकंदांनी येते, पहिल्याच क्षणीचं टोक चुकलेल्या दिशेकडे बोट दाखवतं. ते वरच्या पाषाणामुळे असेल म्हणून मी सोडून दिलं. बघायचं नव्हतं मला.

शिष्यवृत्तीच्या अर्जात मी लिहिलं होतं, लोकांचे जीव वाचावेत म्हणून हे शिकायचंय. सातवीत होते मी त्या पहाटे. फडताळातली भांडी वाजली होती. ती मुलगी आता विचारते, मोहो सपाट की तिरका याने कुणाचा जीव वाचला? कवचाची रचना कळली की भूकंपाचं केंद्र नीट सापडतं, धोक्याचे नकाशे सुधारतात, असं मी तिला सांगते. ते खोटं नाही. पण मी त्यासाठी हे करत नाही. पृथ्वी अशी कशी झाली, ते मला कळून घ्यायचंय. तिला ते पटत नाही.

दिशा दुरुस्त केली तसा मोहो सपाट निघाला. यंत्र तिथेच ठेवलं. पश्चिमेकडून येणारा एक मोठा, स्वच्छ भूकंप हवा होता. 6 फेब्रुवारी 2023 ला सकाळी सातच्या सुमाराला तो आला. तुर्कस्तान, 7.8. नोंद उघडली आणि पहिल्यांदा मला आनंद झाला. मग टीव्ही लावला. तिकडेही पहाटच होती, लोक झोपेत होते.

त्या नोंदीतही मोहो सपाटच निघाला. म्हणजे तिथे पट्ट कधी बुडालाच नाही, असं मात्र नाही. नंतरच्या उष्णतेने कवचाचा तळ मऊ होऊन सपाटही झाला असेल. यंत्र अजून शाळेमागेच आहे.