उजव्या सीटचा हिशेब

सोमवार

अमेरिकेत फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायला खर्च किती, या प्रश्नाला प्रत्येक विमानतळावर वेगळं उत्तर मिळतं. असं का होतं ते आज नीट लिहून ठेवायचं आहे, कारण पैसे कुठे वाचतात तेही त्यातच दडलंय. प्रायव्हेट पायलटला किमान ४० तास लागतात, पैसे घेऊन उडण्याच्या कमर्शियलला एफएएच्या (अमेरिकेच्या विमान-वाहतूक नियामकाच्या) नियमावलीतल्या भाग ६१ खाली २५०. इन्स्ट्रक्टरसाठी मात्र उड्डाण-प्रशिक्षणाचे किमान तास एफएएने ठरवलेलेच नाहीत. कलम ६१.१८३ मागतं ते एवढं: वय १८, कमर्शियल सर्टिफिकेट, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता), दोन लेखी परीक्षा, स्पिनचं (पंखांची उचल जाऊन विमान गिरक्या घेत खाली येतं, त्याचं) एन्डॉर्समेंट म्हणजे लॉगबुकातली इन्स्ट्रक्टरची सही, त्या कॅटेगरी-क्लासच्या विमानात पीआयसी (जबाबदार पायलट) म्हणून १५ तास, तयारी झाल्याच्या इन्स्ट्रक्टरच्या सह्या, आणि शेवटी चेकराइड, म्हणजे परीक्षकासमोरची तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा. उजव्या सीटवर, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या जागेवर, आठ तास जातील की तीस, ते ज्याच्या त्याच्या तयारीवर.

हिशेबाला धरू की सेसना १७२ तासाला १५० डॉलर आणि इन्स्ट्रक्टर ६०. बारा तासांचं उड्डाण म्हणजे विमानाचे १,८००. इन्स्ट्रक्टरचे हवेतले बारा आणि जमिनीवरचे पंधरा, मिळून सत्तावीस तासांचे १,६२०. लेखी परीक्षा प्रत्येकी १७५ प्रमाणे ३५०. स्पिनचे ३५०. परीक्षकाची फी १,००० (बऱ्याच ठिकाणी याहून जास्त). परीक्षेच्या दिवशीचं विमान २२५. एकूण ५,३४५. बहुतेक जण दहा डॉलर स्वस्त इन्स्ट्रक्टर शोधण्यात जीव आटवतात. खरी काटकसर पहिल्या दोन आकड्यांत आहे, आणि ती विमानात बसायच्या आधीच करावी लागते.

सगळ्यात मोठी बचत कमर्शियलच्या २५० तासांतच होते. ते तास तर भरायचेच असतात, त्यांचे पैसेही जाणारच असतात. मग शेवटचे पंधरा-वीस तास उजव्या सीटवरून का उडू नयेत? मात्र त्याआधी विमानमालकाच्या किंवा क्लबच्या विम्यात उजव्या सीटवरून एकट्याने उडायला परवानगी आहे का, ते लेखी विचारून घ्यावं. काही ठिकाणी त्यासाठी वेगळा चेकआउट लागतो. जुन्या पायपर विमानांत उजव्या बाजूला ब्रेक नसतातही, तेही पाहून घ्यावं.

मंगळवार

लेखी परीक्षा. पहिली शिकवण्याच्या मूलतत्त्वांची, म्हणजे एफओआय: ५० प्रश्न, दीड तास. दुसरी एफआयए, म्हणजे विमान-इन्स्ट्रक्टरच्या विषयज्ञानाची: १०० प्रश्न, अडीच तास. दोन्हींत ७० टक्के हवेत, आणि निकाल २४ महिने चालतो. एव्हिएशन इन्स्ट्रक्टर्स हँडबुक, एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक, पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज ही तिन्ही पुस्तकं एफएएच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. चेकराइडची मानकंही तिथेच मिळतात. मे २०२४ अखेरपासून ती नव्या एसीएस (एअरमन सर्टिफिकेशन स्टँडर्ड्स) स्वरूपात आहेत, तेव्हा कुणाची जुनी छापील प्रत घेऊन अभ्यासाला बसू नये.

एक वाट फार कमी जण वापरतात. एफओआयसोबत अॅडव्हान्स्ड ग्राउंड इन्स्ट्रक्टरची, म्हणजे एजीआयची लेखी परीक्षाही त्याच आठवड्यात द्यायची. तिचा अभ्यास एफआयएशी जवळजवळ मिळताजुळता आहे आणि खर्च आणखी १७५. या सर्टिफिकेटला चेकराइड नाही. ते हातात आलं की ग्राउंड स्कूल शिकवता येतं, आणि विमानाचे पैसे जमेपर्यंत शिकवण्याचा सराव चालू राहतो, कमाईही होते. सातवी किंवा त्यावरच्या इयत्तांसाठी राज्याचं शिक्षक-सर्टिफिकेट असलेल्यांना आणि मान्यताप्राप्त कॉलेजात शिकवणाऱ्यांना एफओआय द्यावीच लागत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांत असे प्राध्यापक काही कमी नाहीत. त्यांनी १७५ डॉलर भरण्याआधी ६१.१८३ चा हा भाग वाचावा.

कमाईचं बोलताना व्हिसाची गोष्टही लिहून ठेवायला हवी. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे पैसे घेऊन शिकवायची मुभा मिळाली असं नाही. एम-१ (व्यावसायिक प्रशिक्षणाच्या) व्हिसावर कोर्सनंतरचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, आणि जास्तीत जास्त सहा महिने. एच-१बी वाल्याला ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याचसाठी काम करता येतं. शनिवार-रविवारी विमानतळावर फी घेऊन शिकवणं त्यात बसत नाही. 'शिकवून वसूल करू' या भरवशावर कर्ज काढण्याआधी एवढं तपासावंच.

गुरुवार

आज उजवी सीट, सविस्तर. डाव्या सीटवर २५० तास काढलेला माणूस उजवीकडे बसला की हात उलटे होतात: योक (विमानाचं सुकाणू) उजव्या हातात, थ्रॉटल डाव्या. ही सवय तीन-चार तासांत लागते. डोळ्यांची सवय मोडायला जास्त वेळ लागतो, आणि पैसे तिथेच जळतात.

लँडिंगच्या वेळी नवखा माणूस काउलिंगचा (इंजिनावरच्या आवरणाचा) मधला भाग रनवेच्या सेंटरलाइनच्या टोकावर धरतो. डोळे विमानाच्या मध्यापासून उजवीकडे असल्यामुळे ती नजर तिरकी डावीकडे जाते, आणि विमानाचं नाक प्रत्यक्षात रनवेच्या उजवीकडे वळलेलं राहतं. टचडाउनला टायर कडेने घासून किंचाळतो. उपाय फुकट आहे. विमान टायडाउनवर (बांधून ठेवायच्या जागी) उभं असतानाच उजव्या सीटवर बसायचं, सीटची उंची रोज वापरणार तीच ठेवायची आणि अगदी डोळ्यांसमोर काउलिंगवरचा एखादा रिव्हेट हेरायचा. विमानाच्या आसाला समांतर दिशा त्या रिव्हेटवरून दिसते. टॅक्सी करताना पिवळी रेघ दोन पायांच्या मधोमध नको, थोडी डावीकडे दिसायला हवी. इंजिन बंद ठेवून अशी वीस मिनिटं घालवली, तर पॅटर्नमधल्या (रनवेभोवतीच्या ठरलेल्या मार्गावरच्या) कितीतरी फेऱ्या वाचतात.

वळणातही हाच घोळ. डाव्या सीटवरून डाव्या वळणात नाक वर गेल्यासारखं भासतं, उजव्या वळणात खाली. उजव्या सीटवर सगळं उलट: उजव्या वळणात नाक वर भासतं म्हणून माणूस दाबतो आणि उंची जाते, डाव्यात खाली भासतं म्हणून ओढतो आणि उंची वाढते. इन्स्ट्रक्टरला कमर्शियलच्याच मापात उडून दाखवावं लागतं, म्हणजे स्टीप टर्नमध्ये ५० अंश बँक (कल), उंची १०० फुटांच्या आत, वेग १० नॉटच्या आत. शिवाय हे सगळं करताना तोंडाने शिकवत राहायचं. गोल घड्याळांच्या पॅनेलमध्ये एअरस्पीड आणि बॉल (विमान कडेला घसरतंय का ते दाखवणारी गोळी) उजवीकडून तिरके दिसतात, तोही फरक आधी उभ्या विमानात पाहून घ्यावा.

एट्स ऑन पायलॉन्समध्ये, म्हणजे पंखाचं टोक जमिनीवरच्या खुणेवर (पायलॉनवर) रोखून अशा दोन खुणांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढताना, पैसे जातात ते डोक्यात गणित नसल्याने. लागणारी उंची म्हणजे ग्राउंडस्पीडचा (जमिनीच्या तुलनेतल्या वेगाचा) वर्ग भागिले ११.३: १०० नॉटला सुमारे ८८५ फूट, ९० नॉटला सुमारे ७१७. वारा पाठीशी असताना वेग वाढतो, म्हणून उंची वाढवायची. समोरून आला की कमी करायची. पायलॉन पंखाच्या पुढे सरकू लागला की योक पुढे, मागे राहू लागला की मागे. रडरने (शेपटीच्या उभ्या पात्याने) पंख ओढून पायलॉनवर धरणारा माणूस विमान स्लिप-स्किडमध्ये नेतो, आणि परीक्षक बॉलकडे बघतच असतो.

विमान कुठलं घ्यावं? एप्रिल २०१८ पासून सिंगल-इंजिनच्या इन्स्ट्रक्टर चेकराइडला कॉम्प्लेक्स विमान लागत नाही, त्यामुळे आत-बाहेर होणाऱ्या चाकांचं महागडं विमान भाड्याने घ्यायची गरज राहिलेली नाही. सेसना १५२ ला तासाला सहा गॅलनच्या आसपास इंधन लागतं, पण वजन जपावं लागतं. कमाल १,६७० पौंड. रिकामं विमान १,१५० धरलं तर उरले ५२०. २४.५ गॅलन इंधन भरलं की १४७ गेले, म्हणजे दोन माणसांना मिळून ३७३. फोनवर परीक्षकाला त्याचं वजन विचारण्यात कसला संकोच? न विचारता गेलं आणि आकडा बसला नाही, तर अख्खा दिवस फुकट.

आणि भाडं टॅकवर (इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या मीटरवर) आहे की हॉब्सवर (वेळ मोजणाऱ्या मीटरवर), ते विचारावं. इंजिन कमी आरपीएमवर चालू असताना टॅक हळू धावतो, हॉब्स मात्र घड्याळासारखा. पॅटर्नमध्ये टॅक्सी आणि थांबणं बरंच असतं, तेव्हा टॅकचं भाडं थोडं जास्त असलं तरी परवडू शकतं.

शुक्रवार

स्पिन. एक-दीड तासाचं काम, पण ज्या विमानाला परवानगी आहे त्यातच. १७२ ची काही मॉडेल्स युटिलिटी कॅटेगरीत (वजनाची मर्यादा कमी ठेवून) स्पिनला चालतात. मागच्या सीट आणि सामानाची जागा रिकामी हवी. सेसनाच्या पुस्तिकेप्रमाणे एक फेरी आणि रिकव्हरी मिळून किमान १,००० फूट उंची गृहीत धरायची.

१७२ चा घोळ असा की ती स्पिनमध्ये टिकत नाही, स्पायरलमध्ये (वेग वाढत जाणाऱ्या घुमत्या उतारात) घसरते. एअरस्पीडकडे बघावं: कमी आणि स्थिर असेल तर स्पिन, वाढत असेल तर स्पायरल. स्पिनमध्ये थ्रॉटल बंद, एलरॉन (पंखांवरची हलती पाती) मध्यात, उलटा रडर पूर्ण, मग योक पुढे. स्पायरलमध्ये थ्रॉटल बंद, आधी पंख समतल, मग हलकेच ओढायचं. चेकराइडला परीक्षक स्पिनचं प्रात्यक्षिक बहुधा एन्डॉर्समेंटवर सोडून देतो. पण स्टॉल-स्पिनच्या ज्ञानात नापास झालं, तर पुन्हा येताना स्पिनला चालणारं विमान आणून करून दाखवावं लागतं. या विषयाचा जमिनीवरचा धडा कच्चा ठेवणं फार महागात जातं.

रविवार

धडे. तयार लेसन प्लॅनचे संच विकत मिळतात. ते घेण्यात वावगं काही नाही, पण परीक्षक मधेच थांबवून 'का?' विचारतो तेव्हा दुसऱ्याचा कागद कामी येत नाही. मराठी माणसाला यावर घरातच एक चांगला उपाय आहे: विमानाशी संबंध नसलेल्या माणसाला धडा मराठीत समजावून सांगायचा. इंग्रजीत 'जायरोस्कोपिक प्रिसेशन' म्हणून पुढे सरकता येतं, मराठीत तसं सुटता येत नाही. टेलव्हील (शेपटीखाली चाक असलेल्या) विमानाची शेपटी उचलली की फिरणाऱ्या पंख्याच्या वरच्या कडेला पुढे ढकलल्यासारखं होतं. परिणाम मात्र फिरण्याच्या दिशेने ९० अंश पुढे, उजव्या कडेवर दिसतो, आणि नाक डावीकडे वळतं. सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांनी आसाला धरून फिरवायला लावावं आणि तिरकं करायला सांगावं. आज्जीसुद्धा म्हणते, अगं, हे तर हातात वळतंय! तिला पटलं की समजावं, परीक्षकालाही पटेल.

कागद. प्रशिक्षण देणाऱ्या इन्स्ट्रक्टरबद्दल नेहमीचा निकष: सर्टिफिकेट मिळून २४ महिने झालेले आणि किमान २०० तासांचं उड्डाण-प्रशिक्षण दिलेलं. हे पहिल्या भेटीतच विचारावं, कारण अपात्र माणसाची सही असेल तर परीक्षक सुरुवातच करत नाही. एन्डॉर्समेंटचे मसुदे एसी ६१-६५ या एफएएच्या परिपत्रकात शब्दशः दिलेत, एफओआय, ६१.१८५ (जमिनीवरचं प्रशिक्षण), ६१.१८७ (उड्डाण-प्रशिक्षण), स्पिन आणि ६१.३९ (परीक्षेची तयारी) या सगळ्यांना पानांवर चिकटचिठ्ठ्या लावाव्यात. विमानाच्या लॉगबुकात वार्षिक तपासणी आणि ट्रान्सपॉन्डरच्या (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राच्या) दर २४ महिन्यांच्या तपासणीची नोंद आदल्या दिवशी शोधून ठेवावी. तोंडी परीक्षा चार-पाच तास सहज चालते, आणि तिथे लॉगबुक चाळत बसणाऱ्याबद्दल परीक्षकाचं मत लगेच बनतं.

एफएएचे निरीक्षक स्वतः परीक्षा घेतात तेव्हा फी नसते. तारीख मिळणं कठीण, पण स्थानिक कार्यालयात एक फोन करायला काही लागत नाही. ज्यांना बसतील त्यांनी नाइन्टी-नाइन्स या महिला वैमानिकांच्या संघटनेची अमेलिया इअरहार्ट शिष्यवृत्ती, विमेन इन एव्हिएशनच्या आणि एओपीए या विमानमालक-पायलटांच्या संघटनेच्या शिष्यवृत्त्या यांच्या मुदती कमर्शियल चालू असतानाच वहीत टिपून ठेवाव्यात.

परीक्षेच्या दिवशी वारा बिघडला तर उडू नये. तोंडी भाग झाला असेल तर लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स (परीक्षा अर्धवट थांबल्याचं पत्र) घ्यावं. ६० दिवसांच्या आत परतलं तर झालेला भाग पुन्हा द्यावा लागत नाही. १८ नॉटच्या आडव्या वाऱ्यात पॉवर-ऑफ १८० (इंजिनाची ताकद काढून, १८० अंश वळून उतरणं) करायला जाऊन ठरलेल्या जागेपुढच्या २०० फुटांच्या पट्ट्यात उतरता आलं नाही, तर पुन्हा परीक्षकाची फी, पुन्हा विमान, पुन्हा इन्स्ट्रक्टरची सही. तेवढ्या पैशांत इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरची बरीचशी तयारी होते, आणि त्या रेटिंगला ना एफओआय पुन्हा लागते, ना स्पिन.