दार आतून बंद करणारा शेजारी

गावाला गेलं की कधीकधी सकाळी परसात वारूळ फोडलेलं दिसतं, बाजूला ताज्या लाल मातीचा ढीग, आणि काका चहा पिता पिता एवढंच म्हणतात, "काल फोडलंन वाटतं." कोणी, ते विचारायचं नसतं. खवले मांजर!

ह्याला मांजर का म्हणतात हे मला लहानपणी कधीच कळलं नाही. अंगभर खवले (सस्तन प्राण्यांमध्ये असे खवले ह्यांच्याच कुळाला, आपल्या नखांच्याच द्रव्याचे), तोंडात एकही दात नाही, उंदराशी काही देणंघेणं नाही. पण मजा म्हणजे शास्त्रज्ञांनी वंशावळ काढली तर ह्यांची जवळची भावकी निघाली मांजर-कुत्र्यांच्या गटाशी, आणि दक्षिण अमेरिकेतला तो मुंगीखाऊ, सेम लांब जिभेवर जगणारा, तो लांबचा परका. म्हणजे नाव अगदीच वाया गेलं नाही.

दात नसल्यामुळे ते वाळवी नि मुंग्या चिकट जिभेने ओढतं, ओढताना कान-नाकपुड्या मिटून घेतं, आणि सोबत गेलेले बारीक खडे पोटात जात्याचं काम करतात. दिवसभर बिळात झोप, तीही दार आतून मातीने लिंपून. दुपारी बेल वाजवली तरी न उघडणाऱ्या लोकांबद्दल मला आता जरा आदर वाटतो.

बघितलं मात्र एकदाच. मे महिना, जेवणं झालेली, गडग्यापाशी पाचोळा वाजला म्हणून टॉर्च मारला तर पुढच्या पायांची नखं आत मुडपून, नेलपॉलिश ओलं असल्यासारखं जपून जपून चाललेलं. उजेड पडला आणि खर्र करून गोळा, गडग्याला टेकून ठेवलेला फणसच जणू. बिबट्यालाही तो गोळा सहज उलगडत नाही म्हणे, पण माणूस सरळ उचलून पोत्यात घालतो, हीच तर गोची आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाचा प्राणी, २०१६ मध्ये जगभरच्या व्यापारावर बंदी आली, तरी चोरटी शिकार चालूच. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने ह्याच्या नावाने खवलोत्सव केला हे वाचून त्यामुळे फार बरं वाटलं होतं.

काका म्हणाले, "टॉर्च बंद कर, चल आत." मी ओटीवर अंधारात बसून राहिले, बराच वेळ काही नाही, मग एकदाचा पाचोळा वाजला.

सकाळी गडग्याखालच्या मातीत नखांच्या रेघा होत्या. काकांनी त्या पायाने पुसल्या आणि आठवडाभर कुत्रं बांधून ठेवलं.